पैसा आला म्हणून मी बदललो का?

आधी पत्र थोडक्यात सांगते. ओळख पटेल असं काही त्यात ठेवलेलं नाही.

वाचक ३१ वर्षांचा, गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. बाबा टिपरवाले, म्हणजे खाणीतलं लोहखनिज ट्रकने वाहणारे. पहिला टिपर २००८ मध्ये कर्जावर घेतला, दुसरा २०१० मध्ये. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा हा अठरा वर्षांचा, नुकता कॉलेजात गेलेला. हप्ते थकले, आईचं सोनं गहाण पडलं, एक टिपर बँकेने ओढून नेला, दुसरा घरासमोर ताडपत्रीखाली सहा वर्षं उभा राहिला. बाबा दर रविवारी त्याचं इंजिन चालू करून दहा मिनिटं तसंच ठेवायचे. शेवटी २०१८ मध्ये तोही विकला. त्या वर्षांत हा मोर्च्यांत जायचा, पथनाट्यं करायचा, भांडवलशाही म्हणजे लूट असं मनापासून बोलायचा. पुढे नोकरी केली आणि २०२१ मध्ये बाबांच्या नावावरचं घर तारण ठेवून म्हापशाजवळ लॉन्ड्री टाकली. व्हिला आणि गेस्टहाऊसच्या चादरी-टॉवेल धुण्याची. सात कामगार आहेत, झारखंड, ओडिशा आणि उत्तर कर्नाटकातले. धंदा बरा चाललाय. आणि आता हाच म्हणतो, कष्ट करणारा वर येतोच, सरकारने मधे पडू नये. गेल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, जेवताना बहीण म्हणाली, "दादा, पैसा आला आणि तू बदललास. जूनमध्ये पोरांना बिनपगारी घरी पाठवतोस, बाबांचे दिवस विसरलास?" हा ताटावरून उठला. बहीण कॉलेजात लेक्चर बेसिसवर शिकवते. काका सरकारी खात्यातून रिटायर झालेले, ते तिच्या बाजूने. बाबा मात्र अजून म्हणतात खाण सुरू व्हायलाच हवी, मालक देवमाणूस होता. याचे प्रश्न असे: तेव्हाचा मी खरा की आताचा? खिशाप्रमाणे मत बदलत असेल तर त्या मताला किंमत काय? आणि यंदा चवथीला हा विषय घरात बंदच करून टाकू का?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या रविवारच्या दहा मिनिटांपाशी थांबले. सहा वर्षं म्हणजे तीनशेच्या वर रविवार होतात. डिझेलला पैसे नसताना माणूस डिझेल जाळतो, बॅटरी उतरू नये, इंजिन जाम होऊ नये म्हणून, म्हणजे उद्या कोणी म्हणालं चल, तर निघता यावं म्हणून. तू हे एका ओळीत लिहून पुढे गेलास, मी नंतर परत त्याच्याकडे येणार आहे, कारण तुझ्या बऱ्याच प्रश्नांचं उत्तर मला तिथे दिसतंय.

आधी तुझा मुख्य प्रश्न घेऊ. त्यात तू एक गोष्ट धरून चालला आहेस, की कुठेतरी एक शुद्ध मत असतं, परिस्थितीचा हात न लागलेलं, आणि तुझं तसं नाही म्हणून ते खोटं. मला असं मत असलेला माणूस अजून भेटलेला नाही. तुला आमच्या घरातलीच गोष्ट सांगते.

मी फोंडा तालुक्यातली, आम्ही मुंडकार. घर आमचं, खालची जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. नारळ पाडायचा दिवस असला की आज्जी सकाळपासून माडांखाली उभी, पाडेली वर चढायचा आणि ही खाली मोजायची, एकही नारळ इकडेतिकडे जायला नको, आणि त्यातला एक आमच्या घरी यायचा तोही भाटकाराने हो म्हटलं तर. घराला साधी पडवी वाढवायची तरी विचारावं लागायचं. माझा मामा तेव्हा तरुण होता आणि जमीन कुणा एकाची नसते असं चारचौघांत तावातावाने बोलायचा. मुंडकार कायदा १९७५ चा, पण आमचं प्रकरण मामलेदाराकडे खूप वर्षं पडून राहिलं, आणि मग एक दिवस मामा कागद घेऊन आला. घर आणि भोवतालची जागा आमच्या नावावर. मी लहान होते पण मला तो कागद आठवतो, आईने तो पदराने पुसून देवापुढे ठेवला होता, धूळ नव्हती तरी पुसला. आणि पुढच्या दोन महिन्यांत मामाने पहिलं काम काय केलं, तर चिरे आणून भोवती गडगा घातला, आणि शेजाऱ्याच्या फणसाची फांदी आमच्याकडे येते म्हणून त्याच्याशी भांडला. जमीन कुणा एकाची नसते म्हणणारा माझा मामा. तो ढोंगी नव्हता रे. आधीही खरं बोलत होता आणि नंतरही. आधी त्याच्याकडे गमवायला काही नव्हतं आणि नंतर होतं, एवढाच फरक.

हे फक्त आमच्या घरात झालं असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग अर्जेंटिनातल्या एका अभ्यासाबद्दल वाचलं. ब्युनोस आयरिसच्या बाहेर सोलानो नावाचा भाग आहे, तिथे १९८१ मध्ये सुमारे १,८०० गरीब कुटुंबांनी पडीक जागेवर झोपड्या घातल्या. जागा सरकारी असेल असं त्यांना वाटलं होतं, ती खाजगी निघाली. १९८४ मध्ये कायदा झाला की सरकारने मूळ मालकांना भरपाई देऊन जमीन घ्यायची आणि या लोकांच्या नावावर करायची. काही मालकांनी पैसे घेऊन जमीन सोडली, काही कोर्टात गेले आणि वर्षानुवर्षं अडून राहिले. मग झालं असं की एकाच वस्तीतल्या, एकाच गरिबीतल्या, एकाच वेळी आलेल्या शेजाऱ्यांपैकी एकाला कागद मिळाला आणि दुसऱ्याला नाही, आणि त्यात दोघांचंही कर्तृत्व किंवा चूक काहीच नाही, आपल्या झोपडीखालच्या तुकड्याचा मालक कोण निघाला एवढाच नशिबाचा भाग. बऱ्याच वर्षांनी दी तेला, गालियानी आणि शार्ग्रोद्स्की या तीन अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडच्या लोकांना सारखेच प्रश्न विचारले, की माणूस गटाच्या आधाराशिवाय एकटा यशस्वी होऊ शकतो का, सुखासाठी पैसा महत्त्वाचा आहे का, असे. कागद मिळालेल्यांची उत्तरं बाजारव्यवस्थेला मानणाऱ्यांच्या बाजूला झुकलेली होती. २००७ मध्ये हे छापून आलं. मी वाचलं आणि मला मामाचा गडगा आठवला.

तू त्या फणसाच्या फांदीपाशी आहेस सध्या. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण आपण तिथे आहोत हे माहीत असलेलं बरं.

आता अठरा वर्षांच्या तुझ्याबद्दल. जुलियानो आणि स्पिलिम्बेर्गो या दोघांनी अमेरिकेतल्या अनेक वर्षांच्या सर्वेक्षणांवरून दाखवलंय की अठरा ते पंचवीस या वयात ज्यांनी मंदी बघितली, ते पुढेही यश कष्टापेक्षा नशिबावर अवलंबून असतं असं जास्त मानतात, आणि सरकारने श्रीमंत-गरिबांतली दरी कमी करावी असं त्यांना जास्त वाटतं. तुझं अठरावं वर्ष नेमकं कुठे पडलं बघ. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली. सरकारचा आदेश आला तो चवथीच्या जेमतेम आठवडाभर आधी. पावसात टिपर तसेही उभे असतात, सगळे चवथ करून सीझनची वाट बघत होते, आणि तो सीझन आलाच नाही. सप्टेंबरमध्येच बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल बाहेर आला, त्यात ३५ हजार कोटींच्या आसपास नुकसानीचा अंदाज. कॉलेजच्या पोराने घरात हप्त्याची नोटीस बघायची आणि पेपरात हा आकडा वाचायचा, मग तो लूट म्हणणार नाही तर काय म्हणणार? तो राग तुझ्याकडे कुठून उधार आलेला नव्हता, घरातूनच आला होता.

पण मग बाबा? तीच नोटीस, तेच घर, तोच सप्टेंबर, आणि त्यांनी उलटा धडा घेतला. तू लिहितोस की हे तुला कधीच कळलं नाही, ज्याने बुडवलं त्यालाच देव कसं म्हणतात. इथे मला तुझ्याशी थोडं भांडायचंय. तुझ्या डोक्यात बाबा म्हणजे पिळला गेलेला कामगार आहे. बाबा स्वतःच्या डोक्यात तसे नाहीत. त्यांनी कर्ज काढून मशीन घेतलं, दोन वर्षांत दुसरं घेतलं, त्यावर ड्रायव्हर ठेवला असणार, म्हणजे तू आज जे आहेस तेच ते २०१० मध्ये होते. चीनला माल जात होता, २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांच्या वर खनिज गेलं, जेटीवर रांगा लागायच्या आणि ट्रिपा मारू तेवढ्या कमी होत्या. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हिमतीवर काहीतरी उभं राहतंय असं वाटलेली ती चार वर्षं आहेत त्यांची. आणि ती कोणी संपवली? त्यांच्या नजरेसमोर मालकाने नाही संपवली, मालक तर त्यांना ट्रिपा देत होता, अडीअडचणीला उचल देत असेल. संपवली ती कोर्टाने, दिल्लीने, पर्यावरणवाल्यांनी. तुझ्या हाताशी तेव्हा आयोगाचा अहवाल होता आणि कॉलेजातले मित्र होते, त्यांच्या हाताशी टिपर असोसिएशनच्या मीटिंगा होत्या. नुकसान सारखंच, पण त्याचा अर्थ लावून देणारी माणसं वेगळी.

म्हणून परिस्थिती मत घडवते हे खरं असलं तरी अर्धंच खरं. शिरगावच्या माणसाला विचार, जिथे खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या आणि विहिरी आटल्या, त्याला २००८ ते २०१२ ही तेजीची वर्षं म्हणून आठवत नाहीत. डिचोली तालुका तोच, बाबांच्या टिपरपासून फार लांब नाही. ज्याच्या शेतात गाळ आला आणि ज्याच्या दारात टिपर आला, त्यांना एकाच धंद्याबद्दल एकच मत असावं अशी अपेक्षा आपण कशी करायची?

बहीण आणि काका यांच्याबद्दल तू जरा कडवट लिहिलंयस, पेन्शन खात भांडवलशाहीला शिव्या घालणं सोपं आहे असं. खरंय, काकांना पहिल्या तारखेची काळजी कधी करावी लागली नाही आणि त्यामुळे धंद्यातली धास्ती त्यांना ऐकून माहीत आहे, पोटातून नाही. पण बहीण लेक्चर बेसिसवर आहे ना? म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी पडली की नाही, पुढच्या वर्षी बोलावतील का ते जूनमध्ये कळणार. जूनमध्ये पोरांना बिनपगारी घरी पाठवतोस असं ती म्हणाली तेव्हा ती फक्त तुझ्या पोरांबद्दल बोलत होती का? मला नाही वाटत. कधी विचारलंयस तिला की मे महिन्यात तुझ्या खात्यावर किती येतात?

तुझा पुढचा प्रश्न, अशा मताला किंमत काय. माणूस असं का बोलतो हे कळलं म्हणजे तो चूक बोलतो हे सिद्ध होत नाही. पैसा आला म्हणून तू असं बोलतोस हे बहिणीचं वाक्य बरोबर असेलही, पण ते तुझ्या म्हणण्याला उत्तर नव्हे. तसंच तुला पगाराची शाश्वती नाही म्हणून तू तसं बोलतेस हे तू तिला म्हणालास तर तेही उत्तर नव्हे. आणि माणूस आपल्या खिशाच्या पलीकडे कधी जातच नाही असंही नाही. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक होते, आणि त्यांच्याच सरकारच्या काळात १९६४ चा कूळ कायदा झाला, पुढे त्यांची मुलगी शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असतानाच्या काळात १९७६ च्या दुरुस्तीने कूळ जमिनीचा मालक झाला. आता कोणी म्हणेल की खाणमालकाचं त्यात काय गेलं, गेलं ते भाटकारांचं, आणि मतं तर कुळा-मुंडकारांचीच होती. ते म्हणणंही मला पूर्ण खोडता येत नाही. पण तेव्हाच्या गोव्यात पैसेवाल्याने पैसेवाल्यांशी मिळून राहणं जास्त सोयीचं होतं, तरी ते झालं, आणि आमच्यासारख्या घरांना मान वर करता आली, म्हणून मी ते नाव आजही आदराने घेते.

आणि आता तुझं ते वाक्य, कष्ट करणारा वर येतोच. या एका वाक्यावर मला तुला अडवावंच लागेल. बाबांनी कष्ट कमी केले होते का? पहाटे चारला उठून सारमानस जेटीच्या रांगेत टिपर लावणारा माणूस तुझ्यापेक्षा कमी राबला असेल असं तूही म्हणणार नाहीस. तू लॉन्ड्रीसाठी घर तारण ठेवलंस. ते घर बाबांच्या नावावर कसं आलं ते पत्रात नाही, पण डिचोलीतल्या कितीतरी घरांसारखं तेही मुंडकारीचं असेल तर तुझं पहिलं भांडवल हे एका कायद्यातून आलंय, सरकार मधे पडलं म्हणून आलंय. तसं नसेल तरी ते आजोबा-पणजोबांकडून आलंय. तुझे कष्ट खरे आहेत, रात्री दोनला ड्रायर बिघडला तेव्हा तूच तिथे होतास. मी फक्त एवढं म्हणते की एकदा कागद घेऊन बस आणि या लॉन्ड्रीत काय काय लागलं ते सगळं लिहून काढ. तुझे तास, बाबांचं घर, आईचं उरलेलं सोनं, कोविडनंतर अचानक वाढलेले व्हिला, त्या सात जणांचे हात, पहिलं मोठं काम देणारा तो गेस्टहाऊसवाला. कुणाला दाखवायला नको, स्वतःपुरतं कर. धंदा करणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा करावं असं मला वाटतं, आणि ज्यांचा धंदा बुडाला त्यांनी तर नक्कीच करावं, कारण ते सगळं अपयश स्वतःच्या माथी मारून घेतात.

उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. धंद्यात पडल्यावर तुला जे कळलंय ते पथनाट्यातल्या तुला माहीत नव्हतं. बिल दोन-दोन महिने अडकवून ठेवणारा व्हिलावाला, पगाराची तारीख मात्र न चुकणारी, एका चादरीवर डाग राहिला म्हणून कापलेले पैसे, पोरांचे पगार देऊन स्वतःला काही न उरलेला महिना. तेव्हा तू मालक हा शब्द सगळ्यांना एकच वापरत होतास, खाणीचं लीज असलेला मालक आणि दोन मशीनवाला मालक एकच. आता तुला फरक कळतो. हे ज्ञान आहे, ते परत देऊन टाकू नकोस. फक्त त्या अठरा वर्षांच्या मुलाला जे माहीत होतं, की सीझनची वाट बघणाऱ्या घरात सीझन आलाच नाही तर काय होतं, तेही ज्ञान होतं. तू विचारतोस खरा कोण. अरे, दोघंही तूच, आणि दोघांनाही लॉन्ड्रीत जागा लागेल.

म्हणून जूनवर येऊ. बहिणीचं बोलणं लागलं कारण ते खरं होतं. तुझ्या धंद्यात ऑक्टोबर ते मे काम आणि पावसात निम्मंसुद्धा नाही. हा तोटा कोणी सोसायचा, हा प्रश्न आहे, आणि सध्या तो सगळा ती सात माणसं सोसतायत. ईएसआय, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, दहा कामगारांपासून लागतं आणि पीएफ वीसपासून, तुझे सातच, त्यामुळे या दोन्हींत तू अडकत नाहीस. म्हणजे हे बरंचसं तुझ्या मनावर आहे. सरकारने मधे पडू नये म्हणतोस ना, मग सरकार मधे नसलेली ही जागा आहे, इथे तू काय करतोस ते बघ.

मला सुचतं ते असं. सीझनमध्ये येणाऱ्या प्रत्येक बिलातले शंभरामागे चार-पाच रुपये वेगळ्या खात्यात टाक, त्याला हात लावायचा नाही, आणि त्यातून पावसाच्या महिन्यांत जे पुढच्या सीझनला परत येणार आहेत त्यांना अर्धा पगार दे. सगळं जमणार नाही, पहिल्या वर्षी एक महिनाच जमेल, चालेल. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी उठवताना हेच सांगितलं होतं बघ, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा आणि विक्रीतले दहा टक्के कायमच्या निधीत, कारण माल संपतो, तेजी संपते, माणसं उरतात. आपल्या खाणपट्ट्यात हे २००८ मध्ये झालं असतं तर तुमच्या अंगणात कदाचित वेगळं चित्र असतं. तू तुझ्या लॉन्ड्रीपुरतं आतापासून कर. शिवाय पावसात काम कमी असताना मशीनची दुरुस्ती, रंगकाम, हॉस्पिटल किंवा हॉस्टेलच्या कपड्यांचं काम मिळतं का बघणं, या सगळ्याला दोन-तीन माणसं लागतातच, आळीपाळीने ठेवता येतील. जाताना त्यांना नक्की कधी बोलावणार ती तारीख सांग आणि पाळ, बाबांना छळलं ते पैशाच्या तंगीइतकंच त्या तारीख नसण्याने. आणि एक अगदी स्वस्तातली गोष्ट, सगळ्यांची बँकेत खाती असतील तर वर्षाला २० रुपयांत अपघात विमा आणि ४३६ रुपयांत जीवन विमा सरकारी योजनेत मिळतो, वयाची अट आहे ती बँकेत विचार, सात जणांचे मिळून साडेतीन हजारही होत नाहीत. गरम रोलर आणि ड्रायरपाशी काम करणारी पोरं आहेत ती. हे या आठवड्यात कर, चवथीची वाट बघू नकोस.

हे करताना हिशेब बसलाच नाही, बँकेचा हप्ता आणि अर्धा पगार दोन्ही निघत नाही असं दिसलं तर? तर ते आकडे बहिणीसमोर ठेव. लपवू नकोस. तिला वाटतंय तुला द्यायचं नाही. तुला द्यायचंय आणि जमत नाही हे तिला कळलं तर वाद राहील पण त्याची जात बदलेल. दर वाढवायला व्हिलावाले तयार नाहीत हेही तिला कळू दे, मग तुम्ही दोघं मिळून त्या व्हिलावाल्यावर रागवा.

चवथीला विषय बंद करू नकोस. तुमच्या घरात हा विषय बंद होणारच नाही, कारण तो भांडवलशाहीचा नाहीच, तो तुमच्या घरावर काय कोसळलं त्याचा आहे. फक्त भांडवलशाही हा शब्द ताटावर आणू नका, त्या एका शब्दाखाली बाबा टिपर म्हणतात, काका सरकारी खात्यातली ठेकेदारी म्हणतात, बहीण तिचं कॉन्ट्रॅक्ट म्हणते आणि तू तुझी लॉन्ड्री म्हणतोस, आणि चौघं एकमेकांवर ओरडता. ज्या त्या गोष्टीचं नाव घेऊन बोला. आणि समोरच्याला तू चूक आहेस असं सांगायच्या आधी एक विचार, तुला हे असं कधीपासून वाटायला लागलं? माझ्या अनुभवात या प्रश्नाला माणूस मत सांगत नाही, गोष्ट सांगतो. शॅकवाल्याच्या घरात, टॅक्सीवाल्याच्या घरात, पोर्तुगीज पासपोर्टवर एक भाऊ बाहेर गेलाय आणि एक इथे शेत बघतोय अशा घरात, सगळीकडे हेच भांडण वेगळ्या नावाने चालू आहे, माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत दिसतं मला, त्यांनीही हे करून बघावं.

सुरुवात बाबांपासून कर. गणपतीच्या वर टांगायची माटोळी बांधताना त्यांच्या बरोबर उभा राहा, नारळ, सुपारीचे घड हातात देत राहा, त्या कामात बोलणं सोपं जातं. २०२२ च्या शेवटी खाणींचे लिलाव सुरू झाले, २०२४ मध्ये डिचोलीत काम परत सुरू झालं, त्यावर चर्चा नको, मालक चांगला की वाईट तेही नको. तू पत्रात लिहिलंस की दुसरा टिपर २०१८ मध्ये विकला. त्या वर्षी फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने खाणींची ८८ लीज रद्द केली आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा बंद पडल्या. बाबांनी टिपर त्याच्या आधी विकला की नंतर, आणि शेवटचं इंजिन चालू केलं तो रविवार कोणता होता, हे तुझ्या पत्रात नाही. ते विचार त्यांना.